रिसीव्हरचं गूळ-पाणी

काकासाहेब जोगळेकर, माझ्या आयुष्यात ज्यांचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे ते तुम्ही. हे वाक्य तुमच्या हयातीत तुमच्यासमोर म्हटलं असतं, तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "मल्लू, याला पुरावा काय?" म्हणून कधी म्हटलं नाही. आज लिहितो आहे. तुम्ही हरकत घ्यायला उभे राहणार नाही, याची मात्र अजून सवय झालेली नाही.

तुम्ही गेल्याची बातमी आजऱ्याला आमच्या शाळेत पोचली तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. मिळाली ती एस.टी. धरली. पंचगंगेच्या घाटावर पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं, मंडळी हातपाय धुऊन परतायला निघाली होती. मी नदीकडे तोंड करून उभा राहिलो. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. लहानपणी अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला जोतिबाच्या डोंगरावर नेलं होतं आणि कडेला उभं करून खालचा सगळा मुलूख दाखवला होता. तेव्हा जे झालं होतं तेच पुन्हा झालं. एवढं मोठं काहीतरी, आणि आपण त्याच्या इतक्या जवळ उभे होतो.

तुमची वकिली, तुमची गाजलेली कामं, तुमचा दरारा हे सगळं तुमचे स्नेही सांगतील. मला तुम्ही आठवता ते शाहूपुरीतल्या आमच्या दुकानाच्या पायरीवर चपला काढताना.

संस्थान विलीन होऊन थोडाच काळ झाला होता. कोर्टात कायदे मुंबईचे आले होते, माणसं बहुतेक तीच होती. आमचं गुळाचं अडत दुकान त्या सुमारास बुडालं. अप्पा एका भागीदाराला जामीन राहिले, तो निघून गेला, आणि त्यातच गुळाचे भाव पडले. अप्पांनी स्वतः कोर्टात जाऊन नादारीचा अर्ज केला. आजरा भागातून येऊन उभं केलेलं दुकान. मी आमच्या घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. आणि आमचं नाव कोर्टाच्या दारावर लागलं.

नादारी म्हणजे काय ते मला तुमच्यामुळे कळलं. माणसानं आपलं असेल नसेल ते कोर्टाच्या स्वाधीन करायचं. कोर्ट एक रिसीव्हर नेमतं, तो सगळं विकून घेणेकऱ्यांत वाटतो, आणि त्या रिसीव्हरवर कोर्ट डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतं. शेवटी न्यायाधीश ठरवतात की हा माणूस लबाड होता, की नुसता बुडाला होता. बुडालेला असेल तर त्याची मुक्तता होते. अप्पांना त्या मुक्ततेखेरीज दुसरं काही नको होतं. ते म्हणायचे, "दुकान जाऊ दे, घर जाऊ दे. पर लिंगाप्पा चोर नव्हता एवढं जज्जानं म्हणाया पायजे."

आमचे रिसीव्हर म्हणून तुम्ही आलात त्या सकाळी दुकानासमोर बघ्यांची गर्दी होती. आमचा जुना हमाल पांडू पायरीवरच बसला होता. तुम्ही चपला काढायला लागलात तसा तो म्हणाला, "पावणं, चपला कशाला काढतायसा? दुकान आता तुमचंच की!"

तुम्ही म्हणालात, "माझं असतं तर काढल्या नसत्या."

पांडू उठला आणि त्यानं तुम्हाला वाट दिली.

आत येऊन तुम्ही अप्पांच्या गादीवर बसला नाहीत. एक रिकामी पेटी उपडी घालून तिच्यावर बसलात. चाव्या अप्पांच्या हातून घेतल्यात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "लिंगाप्पा, चाव्या आजपासून कोर्टाच्या. मी नुसता धरणार." अप्पांनी मान हलवली. त्यांचा हात बराच वेळ तसाच पुढे होता, हे तुम्ही पाहिलंत आणि दुसरीकडे बघितलंत. एवढंसं होतं ते, पण मला दिसलं होतं.

मग अव्वा, माझी आई, आली. दुकानामागेच आमचं घर. आमच्यात दारात माणूस आला की आधी गूळ-पाणी, मग तो वैरी का असेना. तिनं ताटलीत गुळाचा खडा आणि पितळी पेल्यात पाणी आणलं. तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, "वहिनी, राग मानू नका. या घरची इस्टेट माझ्या हातात आहे तोवर मला या घरचं काही घेता यायचं नाही." आणि पिशवीतून स्वतःचा तांब्या काढून त्यातलं पाणी प्यालात.

अव्वानं आत येऊन ताटली दाणकन खाली ठेवली. मला म्हणाली, "इस्टेट न्हाई नि काय न्हाई. लिंगायताचं पानी बाटतंय त्यास्नी. कोर्टाचं निमित्त!" आम्ही स्वतः कुणाकुणाच्या हातचं पाणी घेत नव्हतो, हे तिला त्या वेळी आठवलं नाही. मलाही आठवलं नाही. त्या दिवसापासून घरात तुमचं नाव "तांब्यावालं वकील" पडलं.

त्याच आठवड्यात पुस्तकांचं झालं. दुकानाच्या माळ्यावर मी अभ्यासाला बसायचो. माझी कॉलेजची पुस्तकं तिथं राहिली आणि दाराला सील लागलं. परीक्षा जवळ आलेली. खरं सांगायचं तर कॉलेज सोडून कुठंतरी कारकून व्हावं असं माझं ठरलं होतं, पण पुस्तकं मित्राची होती, ती परत करायची होती. मी तुमच्या घरी आलो. चाव्यांचा जुडगा तुमच्या पुढ्यातच होता.

"चार पुस्तकं आहेत. काढून द्या. तुमच्याच हातात आहे."

"माझ्या हातात आहे म्हणूनच देता येत नाही," तुम्ही म्हणालात. "उद्या अर्ज देतो."

"पुस्तकांसाठी कोर्टात अर्ज?"

"आज पुस्तकं देईन, उद्या तुझी आई पातेलं मागेल, परवा मला स्वतःलाच एखादी चीज आवडेल. सुरुवात नेहमी पुस्तकांपासून होते."

मी घरी येऊन तुम्हाला नावं ठेवली. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही खरोखरच कोर्टात उभे राहिलात. न्यायाधीश नुकतेच धारवाडकडून बदलून आले होते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "ही पुस्तकं नादाराची, की मुलाची?" तुम्ही म्हणालात, "मुलाच्या मित्राची, साहेब. मुलगा त्यांवर शिकतो." साहेबांनी लेखणी उचलली आणि हुकूम लिहिला. तो हुकूम मी वाचला आहे. त्यात होतं की नादाराचा मुलगा शिकत असल्यामुळे त्याची पुस्तकं त्याला विनाविलंब द्यावीत.

काकासाहेब, त्या ओळीनं माझं काय केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. कोर्टानं लिहून ठेवलं होतं की मी शिकतो आहे. न्यायाधीशांची सही होती, शिक्का होता. मग कारकून व्हायला मी कुठल्या तोंडानं जाणार? मित्रानं पुस्तकं परीक्षेपर्यंत राहू दिली आणि मी परीक्षेला बसलो. पुढे पदवी मिळाली त्या दिवशी अप्पांनी देवाला नारळ फोडला. मी मात्र मनात त्या हुकमाला नमस्कार केला. आज तुम्हाला करतो.

त्यानंतर आमच्या कामाची तारीख असली की मी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. हिशेब तपासणीचा दिवस मला सगळ्यांत अद्भुत वाटायचा. त्या दिवशी तुम्ही वकिलांच्या टेबलापाशी उभे राहत नव्हता. पक्षकार जिथं उभे राहतात त्या बाजूला जायचात, काळा कोट नीट करून, शाळेतल्या मुलासारखे. अख्खं कोल्हापूर ज्यांना वचकून असे ते तुम्ही, आणि तुमच्याहून वयानं कितीतरी लहान न्यायाधीश तुम्हाला विचारायचे, गोदामाला कुलूप कुठलं लावलं, राखणदार कोण ठेवला, त्याला कुणी सुचवला. तुम्ही एकेक उत्तर द्यायचात. कपाळाला आठी नाही. एखाद्या प्रश्नाला तर तुमचा चेहरा उजळायचा, की हा प्रश्न बरा सुचला यांना! माझा समज होता की मोठा माणूस म्हणजे ज्याला कुणी जाब विचारत नाही तो. त्या बाकावर बसून तो समज गळून पडला.

आणि मग गुळाची विक्री आली.

आमच्या इस्टेटीत घर आणि दुकान सोडलं तर खरी किंमत गोदामातल्या गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना होती. पावसाळा तोंडावर होता. दमट हवेत गुळाला पाणी सुटतं, मग त्याला कोण विचारतो? शिवाय कायद्यात एक अट होती, ती अप्पांना झोपेतही आठवायची. घेणेकऱ्यांना रुपयामागे निदान आठ आणे मिळण्याइतकी इस्टेट भरली नाही, तर कोर्ट पूर्ण मुक्तता देत नाही. दोष आपला नव्हता असं नादारानं दाखवलं तरच देतं. म्हणजे तो गूळ नीट विकला तर अप्पा सुटणार, नाही तर अडकणार.

तुम्ही कोर्टाची परवानगी घेतलीत आणि विक्री बाजारातल्या जुन्या रतनशेठांच्या मध्यस्थीनं केलीत. बाजाराची जी पिढीजात रीत, त्याच रीतीनं. रतनशेठांनी उपरणं पसरलं. एकेक व्यापारी येऊन त्याखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा आणि निर्विकार चेहऱ्यानं दूर व्हायचा. शेवटी शेठांनी सर्वांत वरचा भाव कुणाचा ते जाहीर केलं. भाव चांगला होता. अप्पांनी बोटांवर हिशेब केला आणि कितीतरी दिवसांनी हसले. "आठ आणं भरत्यात, मल्लू. काठावर, पर भरत्यात."

विक्री मंजुरीसाठी कोर्टापुढे आली. चंदगडचे तुकाराम गावडे म्हणून भाताचे व्यापारी आमच्या घेणेकऱ्यांतले एक. घोंगडी खांद्यावर टाकून आले होते. ते मागून उभे राहिले.

"सायेब, भाव चांगला आला म्हंत्यात. असंल. पर बोटं कुणी बघितली?"

कोर्टात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. तुम्हाला विचारलं, "वकीलसाहेब, भाव तुम्हाला कसा कळला?"

"रतनशेठांनी सांगितला."

"त्यांना?"

"बोटांनी."

"आणि बाकीच्यांची बोटं?"

बाजाराची रीत जुनी आहे, रतनशेठ सचोटीचे आहेत, असं तुम्ही सहज म्हणू शकला असता, आणि दोन्ही खरं होतं. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, "साहेब, बरोबर आहे. जे मी स्वतः पाहिलं नाही ते मी कोर्टाला दाखवू शकत नाही. चूक माझी. विक्री रद्द करावी."

अप्पा उठले आणि घराकडे चालू लागले.

बाहेर आवारातल्या लिंबाखाली मी तुम्हाला गाठलं. काय काय बोललो! "चांगला भाव आला होता, तुम्ही घालवला. पावसात गूळ वाहून जाईल. आमच्या बापाचा गळा तुमच्या नियमानं कापला." तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "भाव आला होता, मल्लू. पण कुणाला दिसला नव्हता. उद्या तुझ्या बापाला मुक्तता मिळेल तेव्हा गावडे म्हणतील, उपरण्याखाली मिळाली."

"म्हणू देत!"

"तुझा बाप म्हणू देणार नाही. विचार जाऊन."

मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलणं टाकलं.

दुसरी विक्री उघड्यावर ठरली. दुकानासमोर, भर दिवसा, बेलीफ हजर, घेणेकरी हजर, आणि भाव मोठ्यानं बोलायचा. त्या दिवशी जो प्रकार झाला तो आठवला की आजही हसू येतं. आपला कोल्हापूरचा माणूस कुस्तीच्या मैदानात असा ओरडतो की शेजारच्याचे कान बसावेत. गल्लीत नुसता 'काय चाललंय?' विचारतो तेही भांडण वाटतं. पण तीच माणसं भाव मोठ्यानं बोलायची वेळ आली तशी नव्या सुनेसारखी खाली बघायला लागली. बेलीफ ओरडून दमला. कुणी खोकलं, कुणी पान थुंकायला उठलं. रतनशेठांनी सवयीनं उपरण्याकडे हात नेला आणि परत मागे घेतला. पांडू हमाल म्हणाला, "शेठ, बोला की! का आई रागावंल?"

तुम्ही पेटीवर बसला होतात. उठलात आणि गावड्यांसमोर जाऊन उभे राहिलात. "गावडे, बोटं बघायची होती ना? आता तोंड उघडा."

गावडे लालबुंद झाले. भाताचा माणूस, गुळाचं त्याला काय! पण मागं सरायची लाज वाटली. त्यांनी एक भाव ओरडून टाकला. कमी होता, फार कमी. तो ऐकून गुळाचे व्यापारी खवळले. "भातवाल्यानं गुळाचा भाव करायचा?" एकानं वर केला, दुसऱ्यानं त्याच्यावर, आणि मग असा दंगा उठला की समोरच्या रस्त्यावरचे टांगे थांबले. सौदा संपला तेव्हा सगळे घामाघूम झाले होते आणि आपण ओरडलो कसे म्हणून एकमेकांकडे बघत होते.

पण भाव पहिल्यापेक्षा थोडा कमीच आला. हवा दमटली होती, काही रवे मऊ पडले होते. अप्पांनी पुन्हा बोटांवर हिशेब केला. आठ आणे थोडक्यात हुकले.

मुक्ततेच्या सुनावणीला मी गेलो तो मनात तुमच्याविषयी विष घेऊन. तुमचा अहवाल साहेबांनी हातात घेतला आणि वाचता वाचता थांबले. मग मोठ्यानं वाचला. तुम्ही लिहिलं होतं की आठ आण्यांत जी तूट आली ती नादाराच्या वागणुकीमुळे आलेली नाही. रिसीव्हरनं पहिली विक्री कोर्टाला दिसेल अशा रीतीनं केली नाही, ती रद्द झाली, मधल्या काळात माल उतरला. तूट रिसीव्हरच्या चुकीची आहे. नादारानं पहिल्या दिवसापासून काही लपवलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, हे तुम्ही आपल्या हातानं लिहिलंय. यावरून तुमचं कमिशन मी कापू शकतो. कल्पना आहे ना?"

"कापावं म्हणूनच लिहिलंय, साहेब."

मग गावडे उठले. मला वाटलं, झालं, आता हे अप्पांना बुडवणार. घोंगडी सावरत ते म्हणाले, "सायेब, माझी हरकत न्हाई. कमी आलं, पर माझ्या डोळ्यांदेखत आलं. मी सोता हुबा हुतो की! ह्या मानसानं चोरी केली असं आता मला म्हंता येत न्हाई. चंदगडात जाऊन बी म्हननार न्हाई."

न्यायाधीशांनी अप्पांना मुक्तता दिली. हुकमात एक वाक्य होतं, की नादार दुर्दैवी आहे, अप्रामाणिक नाही. अप्पांनी ते मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. कोर्टाच्या पायरीवर, मग रस्त्यात, मग घरी अव्वासमोर. तुमचं कमिशन कापलं गेलं. तुम्ही हिशेबाचा शेवटचा कागद कोर्टाला दिलात, चाव्यांचा रिकामा जुडगा दिलात, आणि आमच्याकडे न बघता निघून गेलात. तोंडानं तुमची माफी मागायचं धाडस मला झालं नाही. म्हणून एकाच गावात राहून तुम्हाला पोस्टानं पत्र टाकलं. शेवटी ते देतोच.

पुढे तुम्ही मला तुमच्या घरी येऊ दिलंत, दिवाणखान्यात बसवून इंग्रजी सुधारून दिलंत, शिक्षक व्हायचं ठरलं तेव्हा "वकील झाला असतास तर मला विरोध करायला बरा माणूस मिळाला असता" म्हणालात. सुट्टीत आलो की आपला तोच वाद निघायचा. मी म्हणायचो, "काकासाहेब, पहिला भाव खरा होता. रतनशेठांनी एक पैचं खोटं केलं नव्हतं."

"खरा होताच."

"मग?"

"खरा असून पुरत नाही. दुसऱ्याचं धन हातात असलं की खरेपण दिसावंही लागतं."

"आणि न्यायाधीशांनी विचारलंच नसतं तर? आठ आणे भरले असते. अप्पांचे इतके दिवस काळजीत गेले नसते."

यावर तुम्ही सुपारी कातरत बसायचात. एकदाच म्हणालात, "मल्लू, ज्याला कुणाची नजर नको असते तो एक तर देव, नाही तर चोर. मी वकील आहे. मला नजर लागते." मी हसलो आणि विषय सुटला. पण मला ते पुरतं पटलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. आज वर्गात मुलांचे पेपर तपासतो, मार्क दिले की पेपर मुलांच्या हातात देऊन म्हणतो, बघा, माझी चूक काढा. हेडमास्तर म्हणतात, अशानं शिक्षकाचा मान जातो. मी त्यांना तुमची गोष्ट सांगत नाही. वाद मात्र तुमच्या बाजूनं घालतो. तुमच्यासमोर हरलो असं कबूल केलं नाही, आणि तुमच्या मागं तुमचाच वकील झालो, ही गोष्ट सांगायची राहिली.

आणखी एक राहिलं. पाण्याचं. अव्वाच्या मनातली ती जुनी अढी तुम्हाला कळली होती का? तुम्ही तिला एका वाक्यात सांगू शकला असता. सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही, कारण उत्तर अव्वा म्हणते तेच निघालं तर काय करायचं, ही भीती माझ्याही मनात कुठंतरी होती.

परवा घाटावर माझ्याशेजारी एक म्हातारा उभा होता, कपाळाला गुलाल. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान आहे म्हणाला. मी विचारलं, "तुमची ओळख कशी?"

"माझी नादारी त्यांच्याकडंच हुती की! लई वर्सं झाली. वकील दुकानात यायचा, बसायचा, पर पानी न्हाई, च्या न्हाई. जातीनं मी गुरव, देवाचा पुजारी. माझ्या हातचं तीर्थ सगळा मुलूख घेतोय आणि ह्यो गडी तांब्या घिऊन येतोय! मी म्हनलं, देवाहून मोठा लागून गेला काय!"

"मग?"

"मग काय? सुटलो त्या दिवशी आला. म्हनला, आता दे. घटाघटा प्याला. प्रसादाचं खोबरं बी मागून घेतलं."

मी तिथंच खाली बसलो, काकासाहेब. तेव्हा मात्र रडू आलं. म्हाताऱ्याला वाटलं, मी तुमचा कुणी नातलग आहे. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी नाही म्हटलं नाही.

घरी येऊन अव्वाला सांगितलं. ती आता थकली आहे, फार बोलत नाही. ऐकून म्हणाली, "मला ठावं हाय. आपल्याकडं प्याला नव्हं का त्यो!"

तुम्ही प्यालात ते माझ्या पत्राच्या भिडेखातर, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे का आलात ते वाचणाऱ्याला या पत्रावरून कळेल. मला पत्र आधी कच्चं लिहायची आणि मग चांगल्या अक्षरात उतरवायची सवय आहे. पक्कं तुमच्याकडे गेलं, कच्चं माझ्याकडे राहिलं.

*तीर्थस्वरूप काकासाहेब यांचे सेवेशी,*

*शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.*

*काल कोर्टाचा हुकूम झाला. आपण आता आमचे रिसीव्हर राहिला नाहीत. आमच्या घरची कुठलीही वस्तू आपल्या ताब्यात नाही, आणि आपली कुठलीही वस्तू आमच्याकडे नाही. लिंबाखाली मी जे बोललो ते मात्र आपल्याकडे राहिलं आहे. ते परत मिळावं ही विनंती. त्यासाठी अर्ज कुठं करायचा ते मला माहीत नाही, म्हणून हे पत्र.*

*हे पत्र मिळताच आपण आमच्या भाड्याच्या घरी यावं असं अप्पांचं म्हणणं आहे. दुकान नाही, त्यामुळे पेटीही नाही. चटईवर बसावं लागेल. आईनं माठ घासून नवं पाणी भरलं आहे आणि पितळी पेला चिंचेनं उजळून ठेवला आहे. आपण तांब्या आणू नये असा तिचा निरोप आहे. तिचे शब्द जरा वेगळे आहेत, ते मी लिहीत नाही.*

*गूळ आमच्या गोदामातला नाही. अप्पांनी आज बाजारातून रोखीनं आणला. भाव मोठ्यानं विचारला, दुकानदारानं मोठ्यानं सांगितला, चार माणसांनी ऐकला. पावती घेतली आहे. आपण मागाल म्हणून माठाखाली जपून ठेवली आहे.*

*आपला आज्ञाधारक,*
*मल्लिकार्जुन*